नळीवरचं नाव

यंत्राच्या पडद्यावर ब्याण्णव आकडा उमटला तशी रक्त तपासणारी शर्मिला ताडकन उठली आणि हातमोजे न काढताच डॉक्टर सुहासच्या खोलीत धावली.

"सर, सापडला! आपला पहिला!"

तीन आठवडे ते यंत्र पोलादपूरच्या त्या छोट्या दवाखान्यात नुसतं घरघरत होतं. तापकऱ्याचं थोडं रक्त घालायचं. त्यातली ठरावीक प्रथिनं मोजून, विषाणूचा ताप कोणाच्या छातीत उतरणार हे ते शंभरपैकी आकड्यात आधीच सांगणार; आकडा मोठा तर धोका मोठा. आजवर सगळे आकडे विसाच्या आत. सुहास त्याला 'आमचे ज्योतिषीबुवा' म्हणायचा. आणि आज एकदम ब्याण्णव! शर्मिलाला आनंद लपवता येईना, आणि कोणाच्या तरी आजारावर आपण असे नाचतोय याची लाजही वाटत होती.

नळीवर नाव होतं चांगू उतेकर, वय बासष्ट. रक्त कालच आंबेनळी घाटाखालच्या वाडीतल्या शिबिरात घेतलेलं. अँब्युलन्स लगेच निघाली.

दुपारी चांगू अँब्युलन्समधून उतरला तो उडी मारूनच. मागून त्याची बायको तुळसा कपड्यांचं गाठोडं घेऊन उतरली आणि दाराशी भिंतीला टेकून बसली.

"मला काय धाड भरलीय?" चांगू वैतागला होता. "दोन भाकऱ्या खाऊन आलोय."

सुहासनं त्याच्या बोटाला चिमटा लावला. ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव. छातीही स्वच्छ.

"बुवा चुकले वाटतं," तो शर्मिलाला म्हणाला.

शर्मिलाचं तोंड एवढंसं झालं. पुन्हा रक्त घ्यावं म्हणून तिनं चांगूची बाही वर सारली, मग दुसरी. सुईची खूण कुठेच नव्हती.

"काका, काल रक्त कुठल्या हातातून घेतलं?"

"माजं? मी तर लाकडं फोडीत व्हतो. शिबिरात ही गेलेली."

तुळसा पदर सावरत उठू लागली.

"माजं अंग मोडलेलं, म्हणून गेले. ताईनं नाव इचारलं. मी रेशनकार्ड दिलं. गर्दी व्हती, त्यावर पयलं हाय तेच लिवलं तिनं." ती दम घ्यायला थांबली. "आमच्याकडं समदं यांच्याच नावावर हाय."

एवढ्याशा बोलण्यात ती पुन्हा एकदा थांबली. शर्मिलानं धावत जाऊन तिच्या बोटाला चिमटा लावला. नव्वद. आकडा बघताबघता एकोणनव्वद झाला.

"सर, यंत्र बरोबर आहे! अगदी बरोबर आहे!" ती ओरडली. ओरडतानाच तिनं ऑक्सिजनचा मास्क तुळसाच्या तोंडावर बसवला.

"वेळेत आहोत आपण," सुहास फोन उचलत म्हणाला. "महाडला बेड सांगतो."

पाच मिनिटांत स्ट्रेचर बाहेर आलं. अँब्युलन्सचा ड्रायव्हर दत्ताराम वही उघडून उभा होता.

"पेशंटचं नाव?"

मास्कमुळे तुळसाला बोलता येईना. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. चांगूनं तिला चाळीस वर्षं नुसतं 'गो' म्हणूनच हाक मारली होती. चारचौघांत बायकोचं नाव घ्यायची वाडीत रीतच नव्हती. तो घसा खाकरून, रस्त्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला,

"तुळसा. तुळसा उतेकर. तिचंच लिवा. माजं नाय."