गाणाऱ्या गळ्यासाठी घेतलेली काच

मी लेन्स बोलतोय. कॅमेऱ्याच्या पुढे बसवतात ती गोल काच. लोक मला 'ती लेन्स' म्हणतात; म्हणू देत बापडे. माझा स्वभाव म्हाताऱ्याचा आणि जीभ फटकळ, म्हणून मी 'बोलतोय' असंच म्हणणार. शिक्षणाच्या नावानं आपली बोंब आहे. कारखान्यात जन्मलो, दुकानाच्या कपाटात वर्षभर धूळ खाल्ली आणि पुढची सगळी हयात गाण्याच्या बैठकांत काढली. कानावर पडून जे शहाणपण आलं तेवढंच.

दिसायला मी मुठीत मावेन एवढा. लांबचं जवळ आणायची जादू माझ्याकडे नाही. फोटोत चेहरा मोठा हवा असेल तर मालकानं उठायचं आणि जवळ जायचं. पण माझं तोंड रुंद आहे. अंधुक खोलीतला उजेड मी घटाघटा पितो. त्यामुळे कॅमेऱ्याला पापणी चटकन मिटता येते, आणि समोरचा माणूस कितीही हलला तरी फोटोत स्वच्छ येतो. गाणाऱ्यांचे फोटो काढायला एवढंच लागतं. बाकी सगळा भपका.

मालक मला घ्यायला आला तेव्हा नुकतं मिसरूड फुटलेलं होतं त्याला. दुकानदारानं तीन लेन्स मांडल्या. दोन चांगल्या हातभर लांब, तिसरा मी. मालकाचे डोळे अर्थातच लांबड्यांवर. दुकानदारानं विचारलं, फोटो कशाचे काढणार? मालक म्हणाला, माझी ताई गाते, तिचे.

"गाताना मान हलवते का ताई?"

"सारखी."

"मग ही बुटकी घे. लांबडी नेलीस तर ताईच्या जागी नुसता धूर येईल."

शहाणा माणूस होता तो. असे दुकानदार आता उरले नाहीत.

ताई म्हणजे मालकाची थोरली बहीण. मालक साठीला आला तरी त्याला छोट्या म्हणायची. ती गायला बसली की मालक बूट काढायचा आणि पायमोज्यांवर, गुडघे टेकत, रांगत पुढे सरकायचा. कॅमेऱ्याचा खटका वाजतो आणि हळू गाण्यात तो खडा पडल्यासारखा ऐकू येतो. म्हणून मालक दम धरून थांबायचा. तबल्यावर जोराची थाप पडली की त्याच थापेखाली खटका दाबायचा. चाळीस वर्षांत एकाही श्रोत्यानं मागे वळून 'शुक' केलं नाही. ताई म्हणायची, माझ्यापेक्षा छोट्याच तालाला पक्का आहे.

मला तिचा गळा पाठ होता. वरचा सूर लावताना डाव्या बाजूची एक शीर ताठ व्हायची, आणि सूर लागला की डोळे उघडायचे. ते डोळे पापणी लवेपर्यंतच तसे असत. तेवढ्यात पकडायचं. आम्ही पकडायचो.

मग त्या गळ्यातच गाठ निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, कापावं लागेल. जीव वाचेल, आवाज राहणार नाही. ताई रडली नाही. म्हणाली, आधी एकदा गाते, मग कापा. आणि घरी येऊन मालकाला म्हणाली, "छोट्या, सत्काराचे फोटो ढीगभर आहेत. मला शेवटचं गातानाचा एक फोटो दे. उद्या बोलता आलं नाही की भिंतीकडे बघून म्हणेन, ही मी, आणि हा माझा आवाज."

एक फोटो. एवढंच मागितलं होतं तिनं.

आता मधे आले जावईबापू. माणूस वाईट नाही, पण हौशी. सासऱ्यासाठी त्यांनी नवी लेन्स आणली. ही लांबलचक, गळ्यात सोनेरी पट्टी, फिरवली की पुढे पुढे सरकणारी. मालकाची लेक म्हणाली, बाबा, गुडघ्यांवर रांगायचं वय आहे का तुमचं? आता खुर्चीत बसा आणि तिथूनच आत्याचा चेहरा जवळ आणा. मालकानं गॅलरीतून समोरच्या टाकीवरच्या कावळ्याचा फोटो काढून पाहिला. पीस न् पीस दिसलं. दिसणारच, बाहेर रखरखीत ऊन होतं! उन्हात कोणीही शहाणं ठरतं.

मालकाला हे कळत नव्हतं असं नाही. चाळीस वर्षं घासलेला माणूस. त्या लांबडीचं तोंड बारीक, पूर्ण लांब केली की आणखी बारीक होतं, आणि सभागृहात ताईला डोळ्यांवर झगझगीत दिवे खपत नाहीत, हे त्याला पाठ होतं. तरी शेवटच्या गाण्याच्या त्या संध्याकाळी कॅमेऱ्यावर लांबडीच चढली. का? जावई पहिल्या रांगेत बसणार होते.

मी पायाशी पिशवीत. वरून आवाज येत होता. असं गाणं तिनं जन्मात गायलं नसेल. आणि माझ्या डोक्यावर टोपण.

खटका मला ऐकू येत होता. लांबडीला उजेड कमी पडे, म्हणून पापणी रेंगाळायची. खट्... मग कितीतरी वेळानं टक्. कॅमेऱ्याचा उजेड टिपायचा जोर वाढवला असता तर फोटोवर वाळूसारखे दाणे आले असते, ते मालकाला चालत नाहीत. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या काडेपेटीएवढ्या पडद्यावर त्याला सगळं ठीक दिसत होतं. काडेपेटीएवढं काहीही ठीकच दिसतं.

मध्यंतरात मात्र त्याला शंका आली. पिशवी उघडली. त्याचा हात आत आला, माझ्यावर बसला, बोटांनी माझं टोपण सैल केलं. मी म्हटलं, चला, अर्धं गाणं अजून बाकी आहे. तेवढ्यात जावईबापू आले.

"काय बाबा, कशी काय चाललीय लेन्स?"

बोटं थांबली. मी मोजत होतो. एक, दोन, तीन.

"झकास," मालक म्हणाला. आणि हात बाहेर गेला.

त्या एका 'झकास'नं घात केला. जावयाला वाईट वाटू नये म्हणून बहिणीचा सूर घालवला. माणसं जिवाभावाच्यांना दुखवतात आणि पाहुण्यांचं मन सांभाळतात, हे मी लग्नामुंजीपासून मयतीपर्यंत सगळीकडे पाहिलंय. पण इतकं महागात पडलेलं पाहिलं नव्हतं.

घरी मोठ्या पडद्यावर फोटो उघडले. दोनशे अकरा. सभागृह दिसत होतं, खांब दिसत होते, व्हायोलिनवाल्याचा मख्ख चेहरा अगदी स्वच्छ, कारण तो मेला हलतच नाही. ताईला मात्र दोन दोन हनुवट्या, चार चार डोळे. वरच्या सुराला तर चेहराच नाही, नुसता पुसलेला डाग. मालक दोनशे अकराही फोटो पुन्हा पहिल्यापासून बघत बसला.

ऑपरेशन झालं. महिन्यानं सगळे तिच्याकडे गेले, लेक, जावई, मालक. मीही पिशवीत होतो. मालकानं चार वर्षांपूर्वीचा, माझ्याकडून काढलेला फोटो चौकटीत घालून नेला होता. ताईनं तो पाहिला आणि पाटीवर लिहिलं. मालकानं सवयीनं मोठ्यानं वाचलं, "इथे केस काळे आहेत. त्या दिवशीचा दे."

"ताई, त्या दिवशीचे हलले गं सगळे."

पाटी पुसल्याचा आवाज. पुन्हा खडू. "कोण हललं? तू का मी?"

शेजारी जावई बसलेले. मालक म्हणाला, "लेन्सनं दगा दिला."

तिला आयुष्यभर एकच लेन्स माहीत. तिनं पिशवीकडे पाहिलं असणार, कारण मालकानं पिशवी पायानं मागे सरकवली. मग खडू चालला. मालकानं या वेळी वाचलं नाही. लेकच हळू आवाजात म्हणाली, "आत्या म्हणते, इतकी वर्षं साथ दिली आणि नेमकी आताच फिरली का ती बुटकी."

त्या दिवशी बुटकी नव्हतीच, हे मालकानं सांगितलं नाही. जावयांनीही नाही, त्यांना बहुतेक समजलंही नसेल. चोर सोडून संन्याशाला सुळी.

त्यानंतर मालकानं मला कधी लावलं नाही. लाज त्याला वाटते आणि शिक्षा मला. आता मी कपाटाच्या खालच्या खणात असतो. आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी चढलीय. ती पुसणारा कारागीर मिळेलही, पण मला त्याचं फारसं काही नाही. तुम्ही गाणाऱ्यांचे फोटो काढणार असाल तर लांबी बघू नका, तोंड किती रुंद आहे ते बघा, आणि ती कोणी दिली ते विसरा. हे सांगून झालं.

दुसरं एक काम आहे. ताई अजून आहे. कोणी तिच्याकडे गेलात तर पाटी मागा, आणि एवढंच लिहा, की बुटकी फिरली नव्हती. तिला पिशवीतून कोणी काढलंच नव्हतं.