काचेतला लोखंडी गोळा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी गोळा आहे. तोफेचा नव्हे बरं का! घर फौजी माणसाचं आणि मी काचेच्या पेटीत ऐटीत बसलेलो, म्हणून येणारा प्रत्येक जण आधी मला तोफगोळाच समजायचा आणि दोन पावलं मागे सरकायचा. मी मैदानावर फेकायचा गोळा आहे.

वितळलेलं लोखंड साच्यात ओतून मला घडवलं, घासूनपुसून गुळगुळीत केलं आणि फौजेच्या मैदानावर धाडलं. तिथं माझी गाठ माझ्या फौजीशी पडली. तो पूल उभारणाऱ्या तुकडीत होता. दिवसभर लोखंडी तुळया उचलायच्या आणि संध्याकाळी मला. लोखंडापासून बिचाऱ्याची सुटका नव्हतीच.

गोळा तळहातावर ठेवत नाहीत, मित्रांनो. तो बोटांच्या मुळाशी पेलून मानेला टेकवतात. त्यामुळे चांगल्या गोळाफेक्याचा तळहात स्वच्छ असतो आणि मान मळलेली. सुटीत फौजी मला घरी आणायचा. मागच्या मोकळ्या जागेत तो मला फेकायचा आणि त्याची बायको मला उचलून परत आणायची.

"पदकं तुम्ही मिळवा, हमाली मी करते. वर या कॉलरी घासायच्या त्याही मीच!" ती हसत म्हणायची.

त्यानं पदकं मिळवली, भलामोठा चषक मिळवला. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं, तरी खाली उतरल्यावर त्यानं आधी मला पुसून पिशवीत ठेवलं. ते दिवस फार सुखाचे होते.

मग एका पुरात माणसं बाहेर काढताना तो वाहून गेला. घरी त्याची ट्रंक आली आणि ट्रंकेत मी.

धाकट्या भावाची माया खोटी नव्हती. दादाची आठवण गंजू नये म्हणून त्यानं मला सोनेरी रंग फासला, काचेच्या पेटीत ठेवलं, कुलूप घातलं आणि किल्ली आपल्या जुडग्यात अडकवली. 'हात लावू नये' अशी पाटीही लावली. आत ना वारा, ना माती. रंगाखाली माझा जीव गुदमरायचा. दरवर्षी लोक यायचे, भाषणं करायचे, जायचे. फौजीची बायको रोज बाहेरून काच पुसायची. पुसता पुसता तिचं फडकं माझ्यासमोर थांबायचं. घरातल्यांनी तिलाही असंच जपलं होतं. वहिनीनं इथं जाऊ नये, वहिनीनं मोठ्यानं हसू नये. आम्ही दोघंही कोंडलेलो होतो, फक्त तिच्या पेटीला काच नव्हती.

पुढे तर कहरच झाला. चौकात फौजीच्या नावाचा स्तंभ उभा राहिला आणि त्याच्या माथ्यावर मला सिमेंटात बसवायचं ठरलं. काचेतून कधीतरी कुणी काढेल अशी आशा होती. सिमेंटातून कोण काढणार?

त्या दिवशी भावानं मला रंगाचा ताजा हात मारला आणि तो नीट वाळायच्या आतच चौकात नेलं. गवंडी माल कालवू लागला. इतक्यात फौजीची बायको आपल्या लहान लेकीला घेऊन आली.

"भाऊजी, शेवटचं एकदा उचलून बघू?"

"बघा की वहिनी. विचारता काय?"

तिनं मला उचललं ते थेट मानेला टेकवलं. इतकी वर्षं पाहिलेलं होतं ना!

"वहिनी, अहो, लोक बघतायत!"

तिनं अंगाला झोका दिला आणि मला फेकलं. फौजीच्या फेकीपुढं ती फेक काहीच नव्हती. मी जेमतेम स्तंभापलीकडे जाऊन धप्पकन मातीत रुतलो. किती वर्षांनी माती लागली मला!

"बाई, माल सुकतोय," गवंडी ओरडला. "गोळा द्या इकडे."

"नाही देणार." मला मातीतून उचलत ती म्हणाली. "भाऊजी, काचेतून बघून बघून मी ह्यांना विसरायला लागले होते हो. आत्ता हा मानेला लागला आणि हे शेजारी उभे आहेतसं वाटलं."

भावानं डोळे पुसले. जुडग्यातून पेटीची किल्ली काढून त्यानं तिच्या हातावर ठेवली.

"मग वर काय बसवू?" गवंड्यानं विचारलं.

"त्यांचा चषक बसवा. पाणी साठेल, पाखरं तरी पितील," ती म्हणाली.

"आई, तुझी मान बघ! सगळी सोनेरी झालीये!" लेक टाळ्या पिटत म्हणाली.

तिनं मानेला हात लावला, मग कुर्त्याच्या कॉलरीला. रडता रडता ती मोठ्यानं हसली. "आता ही कॉलर कोण घासणार?"

हल्ली मी मागच्या मोकळ्या जागेत असतो. सोनेरी रंग उडालाय, थोडा गंजही चढलाय आणि मायलेकी आळीपाळीनं मला फेकतात. मित्रांनो, तुमच्याही घरी गेलेल्या माणसाची एखादी वस्तू कपाटात असेल. तिला जपा, पण कोंडू नका. अधूनमधून हातात घ्या. मी किती जड आहे आणि माझा फौजी काय पेलत होता, हे काचेतून कुणालाच कळलं नव्हतं.