आमच्यावर आला की आंधळा

आमचा उपग्रह साऱ्या जगाचे फोटो काढतो, फक्त आमचे काढत नाही. पृथ्वीचं चुंबकीय कवच सगळ्यात दुबळं कुठे, तर दक्षिण ब्राझीलमध्ये, नेमकं आमच्या डोक्यावर. अंतराळातले भरधाव कण तिथे खालपर्यंत घुसतात आणि यंत्रांना झोडपून काढतात. म्हणून उपग्रह इथे आला की कॅमेरा बंद ठेवायचा, असा नियम. ज्यांनी बांधला त्यांच्यावर येऊनच डोळे मिटतो मेला! दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हा.

त्या आठवड्यात नदीने अख्खी दरी गिळली. माझा भाऊ नेरेऊ तिकडच्या शेतवस्तीत अडकला होता. फोनवर मीच त्याला ओरडून सांगितलं, "सगळे एका छपरावर चढा आणि पांढऱ्या चादरी पसरा. वरून दिसतील." कुठल्या छपरावर, हे तो सांगणार तेवढ्यात फोन मेला.

सकाळी ढग फाटले. उपग्रह डोक्यावर यायच्या बेतात होता.

"सर, कॅमेरा चालू करू या," मी म्हणाले.

आमचे प्रमुख ओटमार माते, म्हणजे इकडचा कडू पाल्याचा चहा, पीत होते. "आणि कायमचा गेला तर? किती वर्षं राबलोय आपण, पोरी."

"मग काय ओवाळायचंय त्याला? माझा भाऊ पाण्यात बसलाय!"

त्यांनी पेला बाजूला ठेवला. "कर चालू. पण फोटो लागोपाठ दोन घे. कणांचेही पांढरे ठिपके उमटतात. दुसऱ्या फोटोत ते जागा बदलतात, खऱ्या वस्तू बदलत नाहीत."

पहिला फोटो आला. दुसऱ्याला कॅमेऱ्याने मान टाकली. मी आज्ञा पाठवत राहिले, शिव्याही दिल्या, पण उपग्रह मुकाट्याने समुद्रावर निघून गेला.

पडद्यावर काळं पाणी, आणि त्यावर मीठ सांडल्यासारखे पांढरे ठिपके.

"पांढऱ्याच चादरी का सांगितल्यास गं?" ओटमार हळूच म्हणाले.

लाल म्हणायला माझ्या जिभेला काय झालं होतं? मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

फोन वाजला. बचाव पथकाचा माणूस होता; फोटो त्यालाही पोचला होता. "बाई, माणसं कुठल्या ठिपक्यावर आहेत?"

"कुठल्याही ठिपक्यावर असतील! सगळीकडे होड्या पाठवा."

"होड्या दोनच आहेत, बाई. पहिली कुठे सोडू, तेवढं सांगा."