भुंड्या शेळीची शिंगं

चतुराबाईनं करडाच्या डोक्यावरून बोट फिरवलं आणि ती चरकलीच. केसांखाली दोन गाठी, हरभऱ्याएवढ्या. शिंगं येणं काही पाप नाही हो. पण आई भुंडी, बाप भुंडा, मग ही आली कुठून?

शेळी शहादेवची. अर्धलीनं दिलेली, म्हणजे चारापाणी चतुराबाईचं आणि करडं निम्मी-निम्मी. अट एकच, बोकड त्याचाच लावायचा. त्या भुंड्या बोकडाचा त्याला लई तोरा. तिनं शब्द पाळला होता. पण शिंगं वर आली आणि शहादेव दारात आला. पाटोद्याच्या बाजारात भलताच बोकड लावला म्हणाला, उद्या शेळी आणून बांध. शेळी जाणार याचं दुःख होतंच, पण मी खोटी ठरले हे जास्त झोंबलं.

लेक माया दहावीला. तिनं पुस्तकातलं सांगितलं, की शिंगांसारख्या गुणाचं आई एक बीज देते, बाप एक देतो. एक वर दिसतं, दुसरं आत दडून बसतं, आणि दोन दडलेली भेटली की बाहेर येतं. ऐकता ऐकता चतुराबाई लिंबाखाली पेंगली. डोळ्यांपुढं भुंड्या शेळ्यांची रांग, एकीच्या पोटात दुसरी, तिच्या पोटात तिसरी, आणि सगळ्यांच्या आत शिंगं निवांत झोपलेली. पार मागं एक शिंगाळी आजी रवंथ करत उभी. तिचे डोळे घारे होते. जाग आली तेव्हा चतुराबाईला शहादेवची थोरली पोर आठवली.

दुसऱ्या दिवशी ती शेळी घेऊन गेली. शहादेव आपल्या नव्या एसटीडी फोनच्या खोक्यात बसलेला, बायको सत्यभामा दारात, शेजारी घाऱ्या डोळ्यांची पोर. आईबापाचे डोळे काळे, मग पोर कुणाची, म्हणून त्या डोळ्यांवरून गाव बारा वर्षं कुजबुजत होतं. चतुराबाईच्या जिभेवर तेच आलं होतं, पण सत्यभामेचं तोंड बघून तिनं गिळलं आणि शेळीचं दावं शहादेवच्या हातात दिलं.

"शहादेवभाऊ, तुमच्या आईचे डोळे कसे होते?"

"घारे. कावून इचारता?"

"तुमचे तर काळेभोर हायत. मग ते मधी कुठं गेलते?"

दारातून सत्यभामा हळूच म्हणाली, "माझ्या आज्याचे बी घारेच होते. मला कुणी इचारलंच न्हाई."

शहादेवनं पोरीकडं पाहिलं. लई वेळ पाहिलं. मग दावं चतुराबाईच्या हातात परत दिलं.

"चुकलो," म्हणाला.

कुणाला म्हणाला ते चतुराबाईला कळलं, म्हणून ती तिथं थांबली नाही.