वन्संची ठिणगी, वहिनीची ओल

एका खोलीत दोन टेबलं आणि दोघींत मिळून एकच रान. तेही संगणकातलं. वहिनीने त्यात झाडं वाढवायची, नणंदेने ती जाळायची, हाच दोघींचा पगारी उद्योग. शंभर वर्षं ऊन वाढत गेलं, वणवे लागत गेले, तर डोंगरावरचं खरं रान किती कार्बन पोटात धरून राहील, याचा अंदाज बांधायचा होता. आता सांगा, भावजयीचं उभं रान जाळायचा पगार मिळतो म्हटल्यावर नणंद कधी रजा घेईल का?

"वन्सं, जरा दमानं! आत्ताशी कुठे झाडं माझ्या डोक्याएवढी झालीत."

"तुझ्या? मग बुटकीच आहेत. जाळते."

दुपारी संस्थेच्या प्रमुख, मोठ्या बाई, यायच्या होत्या. वहिनी त्यांना छातीठोकपणे सांगून बसली होती, की वणवा दिसला की विझवा, रान शंभर वर्षं कार्बन सांडणार नाही. नणंद म्हणे, छे, अधूनमधून आपणच थोडा पाचोळा जाळावा. पडद्यावर जिचं खरं ठरेल, तिच्या म्हणण्याप्रमाणे डोंगराची राखण व्हायची होती.

शब्द खाली पडू नये म्हणून, नणंद चहाला गेलेली बघून, वहिनीने एक खोडी केली. दर उन्हाळ्यात पाचोळ्याला चिमूटभर जास्तीची ओल मिळेल, असं हळूच भरून ठेवलं.

मोठ्या बाई येऊन बसल्या. नणंदेने ठिणगी टाकली. फुस्स. दुसरी टाकली. फुस्स.

"काय गं, रान आहे की ओलं फडकं?"

"देव तारी त्याला कोण मारी, वन्सं!" वहिनीने वर बघून हात जोडले. चेहरा कसा, नुकतीच प्रार्थना आटोपल्यासारखा. कान मात्र लालबुंद.

नणंदेने ते कान पाहिले. "बरं," ती गोड हसली, "चालू दे शतकभर."

पडद्यावर वर्षं पळू लागली. रान दाटलं, पाचोळ्यावर पाचोळा साचला. कार्बनची रेघ चढत गेली, तशी वहिनीची हनुवटीही. पण शतक उतरणीला लागलं आणि ऊन असं तापलं, की चिमूटभर ओल कुठल्या कुठे उडून गेली. खाली इतक्या वर्षांचं सरपण आयतंच रचलेलं! पुढच्या ठिणगीला सगळा पडदा काळा झाला. कार्बनची रेघ कड्यावरून ढकलल्यासारखी खाली आली.

"हे काय?" मोठ्या बाई पुढे सरकल्या.

कोलीत आता नणंदेच्या हातात होतं.

"वहिनीने मुद्दाम ओल घातली होती," नणंद म्हणाली. "हो की नाही गं?"

"मुद्दाम? ठिणग्या दाबत गेलं की काय होतं, ते दाखवायला?" बाईंनी विचारलं.

सुटायला दार सताड उघडं होतं. वहिनीने ते स्वतःच लोटून घेतलं. "नाही बाई. माझा शब्द राखायला."

बाई खोखो हसल्या. "मग ओल काढा, आणि आता यांच्या पद्धतीने चालवा. पण काडी तुम्हीच लावायची!"

वहिनी डोळे किलकिले करून आपलंच रान जाळू लागली; इथे थोडं, तिथे थोडं. शतक सरलं तेव्हा रान ठिगळाठिगळांचं दिसत होतं, पण उभं होतं. रेघ पहिल्याइतकी उंच गेली नाही आणि कोसळलीही नाही.

"तारायचं काम देवाचं," नणंद कानाशी कुजबुजली, "आपण मध्ये पाणी शिंपडू नये. दादाला सांगू का, बायको जाळपोळ शिकली म्हणून?"

"सांगा की! गुरू कोण, तेही सांगा. आणि सरका जरा, हा कोपरा राहिलाय माझा."