कोवळं अंग

नागपूरला मुलाखत देऊन दुसऱ्या दिवशी दुपारी गोंदियाजवळच्या आमच्या गोरेगावला परतले, तर मंजू पडवीत निजलेली. ओठ सुकलेले, श्वास जोरजोरात, तोंडाला सडक्या फळासारखा वास. पाच वर्षांची माझी पोर. वर्षभरापासून इन्सुलिनवर आहे. नवरा मोहित ड्यूटीवर, म्हणून सुया सासूबाईंवर सोपवून गेले होते.

"आई, सुई दिली?"

"आज सकाळची नाही देल्ली. कारल्याचा रस देल्ला." तांदळातून मान वर न करता म्हणाल्या.

"काऊन?"

"तुया सासऱ्याची शुगरची गोळी अर्धी झाली ना रसानं? बुढ्याचं सुदरलं, हिचं त कोवळं अंग. हिचं काऊन नाही सुदरन?"

साखरेच्या मीटरवर आकडा येईना, नुसतं 'हाय', म्हणजे मोजण्यापलीकडे. माझं डोकंच फिरलं. एमएस्सीला मी उंदरांच्या स्वादुपिंडाच्या स्लाइड पाहिल्या होत्या. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचे पुंजके, बेटंच म्हणतात त्यांना. म्हाताऱ्या उंदरांत ती थकलेली असत, पण असत. मंजूची तिच्याच शरीराने मारून टाकली. तिथे कोवळं वय काय करणार? किती वेळा सांगितलं होतं मी या घरात! तेच पुन्हा ओरडून सांगितलं.

"उंदरं पाहून आली न् आमाले शिकवते!"

"उंदीर बरे, आई. ते दुसऱ्याच्या पोरीवर प्रयोग करत नाहीत."

"बहू, असी नको बोलू," आतून सासरे आले. गावच्या तलावाचं पाणी शेतांना तेच वाटतात.

"बाबाजी, गाळ भरलेल्या तलावातून थोडं तरी पाणी निघते ना? तो तुमचा तलाव. हिची पाळच फुटली आहे. काय वाटाल?"

ते चपला न घालताच शेजारच्या केवलरामची गाडी आणायला धावले.

गोंदियात डॉक्टरांनी विचारलं, "किती डोस चुकले?"

"एक," मी म्हणाले.

"तीन." मागून सासूबाईंचा आवाज. "काल हे नागपूरले गेली तवापासून."

माझा हात उठलाच होता. "बरं झालं सांगितलं," म्हणत डॉक्टरांनी सिस्टरला हाक मारली. मंजूची शीर सापडेना. ती साधी रडतही नव्हती. मी तिचा हात धरून बसले आणि घरातल्या एकेकाला मनातल्या मनात शिव्या घातल्या. स्वतःलाही.

रात्री मंजूने डोळे उघडले. पाणी मागितलं. सासूबाई ग्लास घेऊन धावल्या.

"ठेवा तो खाली," मी म्हणाले. "तिला काय द्यायचं, ते आता मला विचारून."

त्यांनी ठेवला. पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. मला दया आली नाही.