सगळ्या गाण्यांचं एकच नाव

गाण्यांचं ते सॉफ्टवेअर म्हणजे सहनाच्या डोक्याला कायमचा ताप होता. अंगठ्याएवढ्या प्लेअरमध्ये एखादं गाणं भरायचं, तर ते सरळ उचलून टाकता येत नसे. आधी सॉफ्टवेअर उघडायचं, त्याची मर्जी सांभाळायची. मग ते विचारणार, हा प्लेअर कुणाचा, माझ्याशी जोडू का, आधीचं पुसू का. कधी केबल लावूनही त्याला प्लेअर दिसायचा नाही, कधी अपडेट पाहिजे म्हणून ते रुसून बसायचं. ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरशी झटणारी सहना घरी या एका सॉफ्टवेअरपुढे हात टेकायची.

तरी ते टाकून देण्याची सोय नव्हती. त्या प्लेअरमध्ये तिच्या वडिलांचा आवाज होता, आणि त्यांच्या गळ्यात आता तो उरला नव्हता.

तिचे वडील, रंगराव, कन्नड मुलखातल्या चामराजपुरममधले मराठी शिंपी. घराची पुढची खोली हेच दुकान. विठ्ठल मंदिरात एकादशीच्या भजनाला पुढे उभं राहून गायचे ते तेच, आणि ते गायला लागले की रस्त्याने जाणारी कन्नड माणसंही, शब्द कळोत न कळोत, चपला काढून आत येऊन बसायची. मग त्यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. तेव्हापासून ते खडूने बोलत. कापडावर खुणा करायचा चपटा खडू घ्यायचा, कापायच्या टेबलावर लिहायचं, बोटाने पुसायचं. भाषा मराठी, अक्षरं कन्नड, कारण शाळेत तीच शिकलेली.

आणि मशीनवर बसले की कानात प्लेअर. स्वतःच गायलेले अभंग. मान डोलायची, शिवण थांबली की बोटं मशीनवर ताल धरायची. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटे, काय हा माणूस, आपलंच गाणं ऐकत बसतो! सहनाला मात्र ठाऊक होतं, हे ऐकणं थांबलं तर अप्पांजवळ काही राहणार नाही.

ती रेकॉर्डिंगं तिनेच फोनवर केली होती. कॉम्प्युटरवर चढवताना अप्पांना शेजारी बसवून नावं विचारली होती. तेव्हा ते बोलत होते.

"श्री विठ्ठल लिही," ते म्हणाले.

"आणि याला?"

"त्यालापण."

नव्या कापडाला कात्री लावण्याआधी त्याच्या कोपऱ्यात खडूने श्री विठ्ठल लिहायचं, ही या घरची रीत. त्या नावाशेजारी दुसरं नाव घालायचं नाही. गाण्यांनाही अप्पांनी तोच नियम लावला.

"बरं, गाणाऱ्याच्या जागी तरी तुमचं नाव घालते."

"मी कोण गाणारा गं? तिथंपण तोच, अल्वा, हो ना?"

दोघं हसले होते. सगळ्या गाण्यांचं नाव श्री विठ्ठल, सगळ्यांचा गायक श्री विठ्ठल.

पुढे जुना कॉम्प्युटर मोडकळीला आला, म्हणून सहनाने सगळं नव्या लॅपटॉपवर घेतलं आणि जुना भंगारात दिला. फोन केव्हाच बदललेला. नव्या लॅपटॉपवर त्या शहाण्या सॉफ्टवेअरने प्रत्येक गाणं दोनदा घेतलं, आणि प्लेअरमध्ये तोच अभंग लागोपाठ दोनदा वाजू लागला.

"अय्यो, दोनदोनदा वाजतंय म्हणून चिडलेत बघ," अंबूताई, तिची आई, म्हणाली. "कसंतरी करून सरी कर गं ते, नीट कर."

रविवारी सकाळी सहना बसली. केबल लावली, प्लेअर दिसला. दुप्पट झालेली गाणी काढू का, असं सॉफ्टवेअरनेच विचारलं. तिला हायसं वाटलं, हो म्हणाली. कायमची काढू का? हो बाबा, काढ एकदाची.

त्याने आपल्या अकलेप्रमाणे काम केलं. नाव तेच, गाणारा तोच, म्हणजे गाणंही तेच. दोनातलं एक ठेवावं तसं त्याने लॅपटॉपवर आणि प्लेअरमध्येही सगळ्यांतलं मिळून एकच ठेवलं. तेही कोणतं, तर पहिल्या दिवशी फोन आवाज नीट घेतो का, हे बघायला केलेलं. पखवाज लावतानाच्या नुसत्या थापा होत्या, गाणं नव्हतंच.

दुपारभर सहना लॅपटॉप धुंडाळत राहिली. संध्याकाळी दुरुस्तीच्या दुकानात नेला. तिथल्या माणसाने बराच वेळ खटपट करून नाही म्हणून मान हलवली. घरी आली तर अप्पा प्लेअरसाठी हात पुढे करून उभे. खरं सांगायचं तिने टाळलं. तिने प्लेअर त्यांच्या हातावर ठेवला. भित्री होती ती त्या क्षणी, दुसरं काय म्हणायचं?

ती दारात उभी राहून बघत होती. अप्पांनी कानात घातलं, बटणं दाबली, थांबले, पुन्हा दाबली. तिच्याकडे एकदा पाहिलं. मग पाय मशीनवर गेला, मान डोलू लागली, बोटांनी ताल धरला. प्लेअरच्या पोटात काहीतरी वाचलं असेल, असं सहनाने स्वतःला सांगितलं. खात्री करून घ्यायला मात्र ती गेली नाही.

एकादशीच्या आदल्या दिवशी मंदिरातले गणपतराव सदरा न्यायला आले. रंगरावांच्या जागी आता ते गात.

"रंगण्णा, या की उद्या. तुमच्या जागी उभा राहतो, पण पाय कापतात बघा माझे."

अप्पांनी हसून टेबलावर लिहिलं, येतो.

आजारानंतर पहिल्यांदाच ते भजनाला गेले खरे. पण आल्यापासून मशीन मध्येच बंद पडू लागलं. अप्पा डोळे मिटून, दोन्ही हातांनी कान दाबून बसायचे, लांबचं काही ऐकायची धडपड करत असल्यासारखे.

सहनाला राहवेना. अप्पा आत जेवायला बसले तेव्हा तिने प्लेअर उचलला. बटण दाबलं, तो लागलाच नाही. आणि तिला एकदम आठवलं, तो चार्ज करायची केबल त्या रविवारपासून तिच्याच बॅगेत पडून होती.

हात पुसत अप्पा बाहेर आले तेव्हा ती तशीच उभी होती.

"अप्पा, माझ्या हातनं गेलं सगळं. मीच पुसलं."

त्यांनी मान डोलावली. ठाऊक होतं त्यांना.

"मग इतके दिवस काय ऐकत होता?"

त्यांनी खडू घेतला. सगळं पाठ आहे गं, त्यांनी लिहिलं, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. सहना रडू लागली. हात डोक्यावर तसाच होता. बऱ्याच वेळाने त्यांनी तो काढून घेतला, टेबलावरची अक्षरं पुसली आणि पुन्हा लिहायला वाकले.

"शब्द येतात. ताल येतो. आवाज मात्र एकादशीपासून गणपतचा येतोय."